५९ वर्षं एकाच माणसाची सीट? जॉन डिंगलबद्दल कोणाला माहिती आहे का

रिकामटेकडा_७

मंडळी, एक शंका. काल सहज अमेरिकन काँग्रेसमध्ये सगळ्यात जास्त काळ कोण होतं ते बघत होतो, मला वाटलं कोणीतरी म्हातारा सिनेटर निघेल, तर निघाला मिशिगनचा जॉन डिंगल, हाऊसचा, म्हणजे खालच्या सभागृहाचा मेंबर. १३ डिसेंबर १९५५ ला पोटनिवडणुकीत निवडून आला तो ३ जानेवारी २०१५ लाच बाहेर पडला. ५९ वर्षं आणि वर काही दिवस. आयझेनहॉवर ते ओबामा असे ११ प्रेसिडेंट बघितले बाबाने. आणि तिकडे हाऊसची मुदत दोनच वर्षांची, म्हणजे ती पोटनिवडणूक धरून ३० वेळा लोकांसमोर उभा राहिला आणि एकदाही पडला नाही!

पुढे वाचलं तर अजून डोकं चक्रावलं. आधी वडील त्याच सीटवर १९३३ पासून, ते वारले म्हणून हा, आणि हा रिटायर झाल्यावर बायको. मग ही सरळसरळ घराणेशाही झाली ना? बरं एवढी वर्षं राहून हा ना प्रेसिडेंट, ना स्पीकर, ना सिनेटर, तरी सगळे लिहितात की वॉशिंग्टनमध्ये याला भले भले टरकून असायचे. ते का? आणि तिसरं म्हणजे एंडेंजर्ड स्पीशीज अॅक्टमागे (नामशेष होत चाललेले जीव वाचवायचा कायदा) हाच होता म्हणतात आणि पर्यावरणवाले शिव्या पण यालाच घालायचे, हे कसं काय जमलं? कोणाला नीट माहिती असेल तर लिहा, विकी मी वाचलंय, त्याच्या पलीकडचं हवंय.

तळटीप

घराणेशाही आहेच की, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण सीट आयती मिळणं वेगळं आणि टिकवणं वेगळं.

थोडं मागून सांगतो. वडील जॉन डिंगल सीनियर, पोलिश वंशाचे, रूझवेल्टचे कट्टर पाठीराखे, १९३२ च्या लाटेत निवडून आले. मुलगा १९३८ मध्ये बारा वर्षांचा असताना हाऊसमध्ये पेज म्हणून लागला, पेज म्हणजे सभागृहात कागदपत्रं, निरोप इकडून तिकडे पोचवणारी पोरं. त्यामुळे ८ डिसेंबर १९४१ ला, पर्ल हार्बरच्या दुसऱ्या दिवशी, रूझवेल्टनी युद्ध जाहीर करा म्हणून भाषण केलं तेव्हा हा १५ वर्षांचा पोरगा तिथे हजर होता. एक रेडिओवाला भाषण रेकॉर्ड करत होता, त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम याला दिलेलं, भाषण संपलं की मशीन बंद करायला लाव म्हणून. याने बंद करायलाच लावलं नाही! त्यामुळे नंतरची चर्चा पण रेकॉर्ड झाली, जेनेट रँकिन, युद्धाच्या ठरावावरच्या ३८८ विरुद्ध १ मधलं ते एकमेव विरोधातलं मत, ती बोलायला उठायचा प्रयत्न करतेय आणि तिला बोलू देत नाहीयेत, ते सगळं आज ऐकायला मिळतं ते त्यामुळे.

१९४४ मध्ये सैन्यात गेला, जपानवर उतरायच्या तुकड्यांमध्ये त्याचा नंबर लागणार होता, तेवढ्यात युद्ध संपलं. मग जॉर्जटाऊनमधून आधी केमिस्ट्री, नंतर कायदा. मध्ये उन्हाळ्यात नॅशनल पार्कमध्ये रेंजरगिरी पण केली, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतं. डेट्रॉइटला सरकारी वकिलाच्या हाताखाली काम करत होता तेव्हा १९५५ च्या सप्टेंबरात वडील गेले आणि २९ व्या वर्षी हा त्यांच्या जागी आला. एवढं आयतं, मान्य.

आता १९६४ बघा. मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखल्या आणि दोन डेमोक्रॅट मेंबर एकाच मतदारसंघात आले, डिंगल आणि जॉन लेसिन्स्की. गंमत म्हणजे लेसिन्स्कीचे वडीलसुद्धा काँग्रेसमेन, तेही १९३३ मध्येच आलेले, तेही पोलिश. म्हणजे दोन्हीकडे वारसदारच. फरक एवढाच की सिव्हिल राइट्स अॅक्टला, म्हणजे वंशभेदावर बंदी आणणाऱ्या कायद्याला, डिंगलनी हो म्हटलं होतं आणि लेसिन्स्कीनी नाही. मतदार बरेचसे गोरे कामगार, डेट्रॉइटच्या आजूबाजूच्या वस्त्यांमधले, तेव्हा तिथे त्या कायद्याविरुद्ध वातावरण चांगलंच तापलेलं, सगळ्यांना वाटलं डिंगल गेला. तर प्रायमरीत, म्हणजे पार्टीचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, डिंगल जिंकला आणि लेसिन्स्की घरी बसला. मला तरी वाटतं ५९ वर्षांतली ही एकच निवडणूक अशी होती की जिथे पडला असता तर आज त्याचं नाव कोणी घेतलं नसतं.

उत्तरेची_थंडी

तळटीप यांनी छान लिहिलंय. मी डेट्रॉइटच्या जवळच राहते, नवऱ्याचं काम गाड्यांच्या धंद्यातलं, त्यामुळे हे नाव आमच्याकडे येता जाता कानावर पडतंच. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, म्हणजे पर्यावरणवाला की गाडीवाला.

दोन्ही. त्याचा मतदारसंघ म्हणजे डिअरबॉर्न आणि खाली नदीच्या कडेची गावं, ज्याला इथे डाऊनरिव्हर म्हणतात. डिअरबॉर्नला फोर्डचं मुख्यालय, रूजचा अवाढव्य कारखाना, घरटी एक तरी माणूस नाहीतर पेन्शनर युनियनचा. आणि बायको डेबी जनरल मोटर्समध्ये मोठ्या पदावर. अशा ठिकाणी निवडून येणारा माणूस मायलेज वाढवा, धूर कमी करा असल्या कायद्याला आडवा जाणार नाही तर काय करणार. आणि तो गेलाच, वर्षानुवर्षं गेला. ८० च्या दशकात क्लीन एअर अॅक्ट कडक करायचा म्हणून कॅलिफोर्नियाचा हेन्री वॅक्समन हात धुवून मागे लागला होता, तो लॉस एंजेलिसचा, तिथल्या लोकांच्या डोळ्यात धूर, इथल्या लोकांच्या हाताला काम, त्यामुळे दोघं एकाच पार्टीचे एकाच कमिटीत बसून एकमेकांशी दहा वर्षं झुंजले. शेवटी १९९० ला तडजोड होऊन सुधारित कायदा झाला, थोरल्या बुशनी सही केली.

पण हाच माणूस शिकारी, मासेमारी करणारा, बदकं मारायला पहाटे दलदलीत जाऊन बसणारा. अशा लोकांना जंगल, पाणी, पाणथळ जागा यांची वेगळीच काळजी असते, शहरातल्या पर्यावरणवाल्यांना ती पटकन कळत नाही. १९७० च्या पहिल्या दिवशी निक्सननी सही केलेला तो पर्यावरण धोरणाचा कायदा, ज्याच्यामुळे कुठलंही मोठं सरकारी काम करायच्या आधी पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल द्यावा लागतो, तो हाऊसमध्ये यानेच पुढे नेला. मग १९७२ चा समुद्री सस्तन प्राण्यांचा, १९७३ चा एंडेंजर्ड स्पीशीज.

आणि डेट्रॉइट नदीवर २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय वन्यजीव रेफ्यूज (अभयारण्य) झालं ते त्याचंच काम. या नदीच्या अमेरिकेकडच्या काठावर कारखाने, गोदामं, धक्के याशिवाय काही उरलेलंच नव्हतं, हम्बग मार्श नावाचा साधारण मैलभराचा तुकडा तेवढा बांधकामापासून वाचलेला, तिथे पण घरं बांधायचा घाट घातला होता. आता तिथे ट्रेल आहे, लाकडी पूल आहेत, माहिती केंद्राला डिंगलचंच नाव आहे. समोर पाण्यात बदकं आणि मागच्या बाजूला गिरण्यांची धुराडी, दोन्ही एका फोटोत येतात. इथले लोक त्यात काही विसंगती आहे असं मानत नाहीत हो, खरंच.

खडूस_वाचक

आरती चालू आहे तर थोडा मिठाचा खडा टाकतो.

गाड्यांच्या कंपन्यांना जपून त्याने त्यांचं तरी काय भलं केलं? मायलेजचे नियम इतकी वर्षं रोखून धरले आणि तोवर जपानी कंपन्या छोट्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्या विकून मोकळ्या झाल्या. २००७ मध्ये कुठे २०२० पर्यंत गॅलनला ३५ मैल या आकड्याला हा तयार झाला, तेही गळ्याशी आल्यावर. पुढच्याच वर्षी डेट्रॉइटच्या कंपन्या सरकारकडे पैसे मागायला वॉशिंग्टनला. सगळा दोष याचा नाही पण लाडावलेल्या पोराला बाप जबाबदार असतोच.

दुसरं, याच्या चौकश्या. डिंगलच्या चौकशी समितीचं कौतुक फार होतं, त्यातली बाल्टिमोर केस कोणी सांगत नाही. १९८६ मध्ये 'सेल' या जर्नलमध्ये एक पेपर आला, सहलेखकांत नोबेलवाले डेव्हिड बाल्टिमोर आणि थेरेझा इमानिशी-कारी नावाची शास्त्रज्ञ. प्रयोगशाळेतल्या एका संशोधिकेने शंका घेतली की आकडे जुळत नाहीत. ठीक आहे, तपासा. पण डिंगलनी ते काँग्रेसमध्ये ओढलं, प्रयोगाच्या वह्या सिक्रेट सर्व्हिसकडे पाठवल्या, शाई कुठली, कागद कधीचा, जसे काही नकली नोटांचे आरोपी. बाल्टिमोर यांना १९९१ मध्ये रॉकफेलर युनिव्हर्सिटीचं अध्यक्षपद सोडावं लागलं. आणि १९९६ ला अपील पॅनलने काय म्हटलं? आरोप सिद्ध होत नाहीत, बाई निर्दोष. दहा वर्षं गेली तिची. त्याचं काय?

आणि घराणेशाहीला 'लपवण्यासारखं काही नाही' म्हणून सोडून देऊ नका हो. १९३३ पासून आजपर्यंत एकच आडनाव, हे लोकशाहीचं कौतुक करून सांगायची गोष्ट नाही.

रिकामटेकडा_७

वा, धागा वसूल. खडूस यांचा बाल्टिमोरचा मुद्दा नवीन होता मला. पण माझा मधला प्रश्न तसाच राहिला, एका कमिटीचा चेअरमन तो, त्याच्याकडे एवढी पॉवर आली कुठून? कमिट्या तर ढीगभर असतात.

तळटीप

त्याचं उत्तर द्यायला बसलोच होतो.

तिकडे कायदा सभागृहात नंतर, आधी कमिटीत शिजतो. चेअरमन विधेयक घेईल तर पुढे जाणार, नाही घेतलं तर तिथेच पडून राहणार, प्रेसिडेंटचं असलं तरी. आणि चेअरमन साधारण ज्येष्ठतेने ठरायचा, म्हणजे सुरक्षित सीट असलेला माणूस बसून राहिला तर आपोआप वर सरकतो. डिंगल १९८१ ला एनर्जी अँड कॉमर्स कमिटीचा चेअरमन झाला आणि सलग १९९५ पर्यंत होता. आता ही कमिटी म्हणजे काय, तर वीज, तेल, गॅस, टेलिफोन, टीव्ही, औषधं, प्रदूषण, मेडिकेअरचा (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा) काही भाग, शेअर बाजार पण त्या वेळी यांच्याकडेच. आणि जे नाही ते तो ओढून घ्यायचा. त्याच्या कमिटीत अवकाशातून काढलेला पृथ्वीचा एक मोठा फोटो लावलेला होता, कमिटीच्या अखत्यारीत काय काय येतं असं कोणी विचारलं की तो फोटोकडे बोट दाखवायचा. बस्स, विषय संपला.

दुसरं म्हणजे नियम. त्याचं एक बोलणं वॉशिंग्टनमध्ये अजून सांगतात, मतलब असा की कायद्यातला मजकूर तुम्ही लिहा, कामकाजाची पद्धत मला ठरवू द्या, मग बघा प्रत्येक वेळी तुम्हाला कसा गुंडाळतो ते. (मूळ शब्द जरा वेगळा होता.) पेज असल्यापासून सभागृह बघितलेलं, त्यामुळे नियम तोंडपाठ, नवीन मेंबरला अर्ध्या वाटेत कळायचंच नाही की आपण कुठे अडकलो.

तिसरं, चौकश्या, ज्यावर खडूस बोलले. कमिटीशिवाय चौकशीच्या सबकमिटीचं अध्यक्षपद पण त्याने स्वतःकडेच ठेवलं होतं. सरकारी खात्यांना त्याची पत्रं जायची, पानंच्या पानं प्रश्न, अमुक तारखेच्या आत उत्तर द्या, त्या पत्रांना लोकांनी 'डिंगलग्राम' नावच ठेवलं होतं. आलं की ऑफिसात धावपळ. रेगनच्या काळात विषारी कचरा साफ करायच्या सुपरफंडमध्ये गोलमाल चालू होता, तेव्हा ईपीए या सरकारी पर्यावरण खात्याच्या प्रमुख अॅन गोर्सच यांना १९८३ मध्ये जावं लागलं आणि त्यांच्या हाताखालची रीटा लाव्हेल काँग्रेससमोर खोटं बोलली म्हणून तुरुंगात गेली. पेंटागॉनच्या खरेदीतले अव्वाच्या सव्वा दर बाहेर काढले. स्टॅनफर्डने संशोधनाच्या सरकारी खर्चात यॉटचा घसारा आणि अध्यक्षांच्या घरची फुलं लावली होती, ते बाहेर आलं आणि तिथले अध्यक्ष डोनाल्ड केनेडी यांना पद सोडावं लागलं. हे पण त्याच माणसाचं आणि बाल्टिमोर पण त्याच माणसाचं. माझ्या मते दोन्हीचं मूळ एकच, एकदा दात रुतवले की सोडायचंच नाही, समोर चोर असला की लोक टाळ्या वाजवतात.

आणि ही पॉवर गेली कशी ते पण ऐका. १९९५ ला रिपब्लिकन आले, चेअर गेली. २००७ ला परत मिळाली. नोव्हेंबर २००८ मध्ये, ओबामा जिंकून महिना पण झाला नव्हता, त्याच वॅक्समननी चेअरसाठी आव्हान दिलं आणि पार्टीच्या बैठकीत गुप्त मतदानात १३७ विरुद्ध १२२ ने डिंगलला हरवलं. ज्येष्ठतेवर वर चढलेला माणूस, त्याला स्वतःच्याच पार्टीने खाली उतरवला. वय ८२. कोणी असता तर राजीनामा देऊन मिशिगनला बदकं मारायला गेला असता, हा अजून सहा वर्षं थांबला.

चहाबाज

मला राजकारणातलं कळत नाही, मी याला ट्विटरमुळे ओळखतो. नव्वदीच्या आसपासचा म्हातारा आणि काय एकेक टाकायचा! २०१४ मध्ये लिहिलं होतं की स्टाफने मला आत्ताच सांगितलं कार्दाशियन म्हणजे काय ते, आता माझ्याकडे आधीपेक्षा जास्त प्रश्न आहेत. हसून हसून पुरेवाट झाली होती. शेवटी शेवटी अडीच लाख फॉलोअर होते म्हणे.

उत्तरेची_थंडी

चहाबाज 😄 इथे तर त्याचे ट्वीट बातम्यांमध्ये वाचून दाखवायचे.

खडूस, घराणेशाहीवर एक सांगते. २००२ मध्ये पुन्हा हद्दी बदलल्या आणि अॅन आर्बरची लिन रिव्हर्स, तीही सिटिंग मेंबर, त्याच्यासमोर उभी राहिली. बंदुकीचे नियम, गर्भपात, पर्यावरण, सगळ्यात ती जास्त पुरोगामी, पार्टीच्या नेत्या नॅन्सी पेलोसींनी सुद्धा रिव्हर्सला मदत केली होती. तरी हाच जिंकला. युनियन, शिकारी, पेन्शनर, सगळे त्याच्या मागे. बंदुकीचं म्हणाल तर हा अनेक वर्षं एनआरए या बंदूकवाल्यांच्या संघटनेच्या बोर्डवर, पण १९९४ च्या गुन्हेगारीविरोधी कायद्यात असॉल्ट वेपनवर, म्हणजे लष्करी धाटणीच्या बंदुकांवर बंदी होती, त्याला मत दिलं आणि बोर्डाचा राजीनामा दिला. अशा माणसाला मत देताना इथल्या लोकांना वाटायचं की हा आपल्यातला आहे पण प्रत्येक वेळी आपल्याला आवडेल तेच करेल असं नाही. आडनावामुळे पहिल्यांदा दार उघडतं, तीस वेळा कसं उघडेल?

आणि सगळ्यात महत्त्वाचं कोणी लिहिलंच नाही अजून, आरोग्य विमा. वडिलांना तरुणपणी क्षय झाला होता, डॉक्टरांनी आशा सोडलेली. त्यातून वाचले आणि काँग्रेसमध्ये गेल्यावर १९४३ मध्ये सगळ्यांना राष्ट्रीय आरोग्य विमा द्यायचं विधेयक आणलं, वॅग्नर आणि मरी या दोन सिनेटरांबरोबर. पास होण्याची शक्यता शून्य. मुलगा आला तो प्रत्येक नवीन काँग्रेस भरली की वडिलांसारखंच विधेयक टाकायचा, दर दोन वर्षांनी, पन्नास वर्षं, पास होणार नाही माहीत असून. १९६५ च्या एप्रिलमध्ये हाऊसने मेडिकेअर पास केलं तेव्हा स्पीकरच्या खुर्चीत हाच बसलेला, ठोकायचा हातोडा याच्याच हातात. तो हातोडा त्याने जपून ठेवला होता आणि २१ मार्च २०१० ला ओबामाचा आरोग्य कायदा २१९ विरुद्ध २१२ ने पास झाला तेव्हा स्पीकर असलेल्या पेलोसींना तोच दिला. दोन दिवसांनी व्हाइट हाऊसमध्ये ओबामा सही करायला बसले तेव्हा हा शेजारीच बसलेला.

खडूस_वाचक

हातोड्याची गोष्ट छान आहे, पण वडिलांचं विधेयक काय होतं आणि २०१० ला काय पास झालं ते बघा. वडिलांना सरकारी विमा हवा होता, सगळ्यांना. मिळालं काय तर खाजगी कंपन्यांकडूनच विमा घ्या, परवडत नसेल तर सरकार थोडे पैसे देईल. तीन चतुर्थांश सोडून एक चतुर्थांश पदरात पाडून घेतलं. बरं ते तरी झालं हे मान्य, माझ्या स्वभावाप्रमाणे इतकंच मान्य करतो. २००२ मध्ये इराक युद्धाच्या विरोधात मत दिलं त्याबद्दल पण मार्क.

रिकामटेकडा_७

खडूस यांनी मार्क दिले म्हणजे धागा फ्रेम करून ठेवायला हवा. 😀 शेवटचं एक, रिटायर का झाला मग? तब्येत?

तळटीप

तब्येत होतीच, पण स्वतः कारण दिलं ते वेगळं. फेब्रुवारी २०१४ मध्ये जाहीर केलं तेव्हा सरळ म्हणाला की हाऊसमध्ये काम करणं आता किळसवाणं झालंय, कोणी कोणाशी बोलत नाही, कायदे होत नाहीत. त्याच नोव्हेंबरात ओबामांनी प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हा तिथला मोठा नागरी सन्मान दिला. सीट डेबीने लढवली आणि जिंकली, अजून तीच आहे. ७ फेब्रुवारी २०१९ ला डिअरबॉर्नच्या घरी गेला, ९२ वर्षांचा, त्याच दिवशी बायकोला सांगून एक लेख लिहून घेतला होता तो वॉशिंग्टन पोस्टमध्ये आला. आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत पुरलंय. त्या डिसेंबरात डेबीने ट्रम्पच्या महाभियोगाच्या बाजूने मत दिल्यावर ट्रम्पनी मिशिगनच्याच सभेत, डिंगल वरून नाही तर खालून बघत असेल कदाचित, असलं काहीतरी बोलून दाखवलं आणि रिपब्लिकन लोकांनाही ते रुचलं नव्हतं.

पण तुम्हाला विकीपलीकडचं हवं असेल तर २०१८ च्या डिसेंबरातला त्याचा अटलांटिक मासिकातला लेख शोधा. जवळजवळ साठ वर्षं काँग्रेसमध्ये काढलेला माणूस सांगतो की सिनेट बंदच करून टाका. कॅलिफोर्नियात जवळपास चार कोटी लोक आणि वायोमिंगमध्ये सहा लाखांच्या आत, दोघांना सारखेच दोन सिनेटर, हे कुठलं गणित म्हणे. निवडणुकीतून खाजगी पैसा काढा, प्रत्येकाचं नाव आपोआप मतदार यादीत घाला, हेही त्यात आहे. होणार काहीच नाही, कारण घटनेनुसार एखाद्या राज्याचं सिनेटमधलं समान प्रतिनिधित्व त्या राज्याच्या संमतीशिवाय काढता येत नाही, आणि हे डिंगलला आपल्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी लिहिलं. विधेयकं पण तशीच टाकायचा.